पिवळ्या दिव्याचा हिशेब

चालते वाहन जागच्या जागी थांबत नाही. चौकातल्या पिवळ्या दिव्याचे सगळे कारण या एका वाक्यात आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी मोटार दर सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे सरकते. ही मोटार स्टॉप लाइनपासून, म्हणजे झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडच्या आडव्या पांढऱ्या पट्टीपासून, १० मीटरवर आली आहे आणि हिरवा विझून त्याच क्षणी लाल लागला, तर चालकाचा पाय ब्रेकवर पडण्याआधीच ती पट्टी ओलांडून गेलेली असते. नियम पाळण्याची कितीही इच्छा असली तरी तो पाळणे त्याला शक्य नसते, आणि तोवर आडव्या रस्त्याला हिरवा मिळालेला असतो.

हा पेच पडू नये म्हणून हिरवा आणि लाल यांच्या मध्ये काही सेकंदांचा पिवळा दिवा असतो. जे वाहन पट्टीच्या इतके जवळ आले आहे की ते आता सुरक्षितपणे थांबू शकत नाही, त्याला पुढे निघून जाता यावे म्हणून हे सेकंद राखून ठेवलेले आहेत. बाकी सर्वांसाठी पिवळा म्हणजे थांबा. रस्त्यावरील चिन्हे आणि सिग्नल यांविषयीच्या १९६८ सालच्या व्हिएन्ना करारात हाच अर्थ दिलेला आहे: पिवळा लागल्यावर पट्टी ओलांडू नये, अपवाद फक्त त्या वाहनाचा, जे सुरक्षितपणे थांबता येणार नाही इतके जवळ आले आहे. भारतातही हिरव्यानंतरच्या पिवळ्याचा अर्थ हाच आहे. रस्त्यावर मात्र ‘सिग्नल पडायच्या आत काढ गाडी’ या सवयीमुळे तोच दिवा वेग वाढवण्याची सूचना होऊन बसतो. पिवळा किती सेकंदांचा असावा आणि त्या सेकंदांत चालकाने काय करावे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच गणितातून निघतात.

रेल्वेकडून रस्त्यावर

पहिल्या सिग्नलांना पिवळा दिवा नव्हता. डिसेंबर १८६८ मध्ये लंडनला पार्लमेंटच्या इमारतीजवळ जगातला पहिला वाहतूक सिग्नल उभा राहिला. त्याची कल्पना जॉन पीक नाइट या रेल्वे अभियंत्याची होती. दिवसा वर-खाली होणारे हात आणि रात्री गॅसवर जळणारे लाल-हिरवे दिवे, अशी ती रचना. पुढच्याच महिन्यात गॅसचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस गंभीर जखमी झाला आणि हा प्रयोग संपला. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात ५ ऑगस्ट १९१४ रोजी विजेवरचा सिग्नल सुरू झाला. त्यालाही लाल आणि हिरवा असे दोनच रंग होते. दिवा बदलण्याची पूर्वसूचना आवाज करून दिली जाई. हेच काम रंगाकडे आले ते १९२० मध्ये. डेट्रॉइटचे पोलीस अधिकारी विल्यम पॉट्स यांनी रेल्वेच्या सिग्नलांवरून तिसरा रंग घेतला आणि चारही दिशांना तोंड असलेला तीन रंगांचा सिग्नल तयार केला. १९२३ मध्ये गॅरेट मॉर्गन यांना एका सिग्नलयंत्राचे पेटंट मिळाले. त्यात ‘थांबा’ आणि ‘जा’ यांच्याशिवाय सर्व बाजूंची वाहतूक क्षणभर रोखून धरणारी एक स्थिती होती. आजच्या चौकात पिवळ्याच्या पाठोपाठ सगळ्या बाजूंना काही क्षण लाल असतो, त्याचे मूळ याच विचारात आहे.

रंग रेल्वेचा असला तरी रस्त्यावर त्याचा अर्थ बदलला. मुंबईच्या लोकलचा मोटरमन पिवळा सिग्नल पाहतो तेव्हा त्याला पुढच्या सिग्नलवर थांबावे लागेल, तयारीत राहा, असे कळते. त्याला एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंतचे अंतर मिळते. रस्त्यावरच्या चालकासमोर असा पुढचा सिग्नल नसतो. त्याला अंतर मिळत नाही, वेळ मिळतो. आणि त्या वेळाचे अंतर किती होते हे त्याच्या स्वतःच्या वेगावर ठरते. पिवळ्याविषयीचा बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

दिव्यांची जागाही विचारपूर्वक ठरलेली आहे. लाल वर, पिवळा मध्ये, हिरवा खाली. ज्यांना लाल आणि हिरवा यांतला फरक नीट दिसत नाही, अशा व्यक्तींना जागेवरून दिवा ओळखता येतो. त्यांच्याच सोयीसाठी सिग्नलचा हिरवा पानांच्या हिरव्यासारखा नसतो. त्यात निळसर झाक असते.

सेकंद कसे ठरतात

थांबण्याची क्रिया दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा चालकाचा. दिवा बदललेला दिसणे, थांबायचे की जायचे हे ठरवणे आणि पाय ब्रेकवर नेणे यासाठी वेळ लागतो. सिग्नलच्या गणितात हा वेळ साधारण १ सेकंद धरतात, कारण चौक समोर दिसत असल्याने चालक काहीसा सावध असतो. या सेकंदात गाडी पूर्वीच्याच वेगाने धावत असते. दुसरा टप्पा ब्रेकचा. आतल्या माणसांना हिसका न बसता वेग कमी करायचा, तर मोटारीचा वेग दर सेकंदाला सुमारे ३ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी जवळजवळ ११ किलोमीटर, इतक्या दराने उतरतो.

या दोन आकड्यांवरून प्रत्येक वेगाला लागणारे अंतर काढता येते. ताशी ३० किलोमीटर वेगाला थांबण्यासाठी सुमारे २० मीटर लागतात. ४० ला ३२ मीटर, ५० ला ४६ मीटर, ६० ला ६३ मीटर आणि ८० ला १०४ मीटरांहून थोडे जास्त. ३० वरून ६० म्हणजे वेग दुप्पट होतो, पण अंतर तिपटीहून अधिक वाढते. ब्रेकखाली लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्याचा हा परिणाम.

आता पिवळ्याची लांबी. जो चालक थांबू शकत नाही, म्हणजे ५० च्या वेगाने येताना ४६ मीटरांच्या आत आहे, त्याला वेग न वाढवता पट्टीपर्यंत पोचता आले पाहिजे. ४६ मीटर अंतर त्या वेगाने कापायला ३.३ सेकंद लागतात, म्हणून त्या रस्त्यावर पिवळा किमान ३.३ सेकंदांचा हवा. हेच गणित ६० साठी ३.८ सेकंद, ७० साठी ४.२ सेकंद आणि ८० साठी ४.७ सेकंद देते. कमी वेगाच्या रस्त्यांवर उत्तर ३ सेकंदांपेक्षा कमी येते. तरी तिथेही ३ सेकंदांखाली जाऊ नये, असा संकेत अनेक देशांत आहे. ब्रिटनमध्ये पिवळा सरसकट ३ सेकंदांचा असतो. जर्मनीत तो रस्त्याच्या वेगमर्यादेप्रमाणे बदलतो: ५० ला ३ सेकंद, ६० ला ४ आणि ७० ला ५. अमेरिकेच्या नियमपुस्तिकेत ३ ते ६ सेकंद अशी चौकट आहे.

या हिशेबाने ठरलेला एक पिवळा जवळून पाहण्यासारखा असतो. मोटार ५० च्या वेगाने येत आहे आणि पट्टी बरोबर ४६ मीटरांवर असताना पिवळा लागतो. पहिल्या सेकंदात काहीच घडल्यासारखे दिसत नाही. गाडी १४ मीटर पुढे येते आणि चालकाचा पाय ब्रेकवर पडतो. उरले ३२ मीटर. पुढच्या सेकंदाला वेग ३९ वर येतो, त्याच्या पुढच्याला २८ वर. पिवळा लागल्यापासून ३.३ सेकंदांनी लाल लागतो, तेव्हा काटा २५ वर, म्हणजे बरोबर निम्म्यावर, आलेला असतो आणि पट्टी अजून ८ मीटर दूर असते. गाडी आणखी सव्वादोन सेकंदांनी पट्टीपाशी उभी राहते. नियम नीट पाळणारी गाडीसुद्धा लाल लागल्यानंतर चालतीच असते. पिवळा संपेपर्यंत सर्वांनी थांबलेले असावे, अशी या गणिताची अपेक्षाच नाही. कोण जाणार आणि कोण थांबणार याचा निवाडा पहिल्या सेकंदात व्हावा, एवढीच अपेक्षा आहे.

पेचाचा पट्टा

हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला गेला १९६० मध्ये. डेनॉस गाझिस, रॉबर्ट हर्मन आणि अ‍ॅलेक्सी मॅराड्युडिन या तिघांनी अमेरिकेतल्या जनरल मोटर्स कंपनीच्या प्रयोगशाळेत पिवळ्या दिव्याचा प्रश्न भौतिकशास्त्राच्या रीतीने सोडवून प्रसिद्ध केला. यांतले हर्मन हे तेच शास्त्रज्ञ, ज्यांनी १९४८ मध्ये राल्फ आल्फर यांच्यासह विश्वाच्या जन्मानंतर उरलेल्या प्रारणाचे तापमान केवळ काही अंश केल्विन असेल, असे भाकीत केले होते. विश्वाच्या आरंभाचे गणित करणाऱ्या माणसाला चौकातला दिवाही अभ्यासाचा विषय वाटला.

या तिघांनी दाखवून दिले की पिवळा गरजेपेक्षा छोटा असेल, तर रस्त्यावर असा एक पट्टा तयार होतो जिथे सापडलेल्या चालकापुढे बरोबर मार्गच उरत नाही. उदाहरणार्थ, वाहने ६० च्या वेगाने धावतात आणि पिवळा मात्र ३ सेकंदांचा आहे. थांबायला ६३ मीटर लागतात. ३ सेकंदांत गाडी ५० मीटर जाते. मग पट्टीपासून ५० ते ६३ मीटर यांच्या मध्ये असलेला चालक आरामात थांबूही शकत नाही आणि लाल लागण्याआधी पट्टी ओलांडूही शकत नाही. हा १३ मीटरांचा पेचाचा पट्टा. तिथून होणारा सिग्नलभंग चालकाच्या बेपर्वाईतून घडत नाही. तो चुकीच्या आकड्यातून घडतो.

आकडा किती नाजूक असतो हे २०१४ मध्ये शिकागोत दिसले. सिग्नलभंग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी दंडाच्या नोटिसा देताना ३ सेकंदांऐवजी २.९ सेकंदांचा पिवळाही ग्राह्य धरला जाऊ लागला आणि एवढ्या फरकाने सुमारे ७७ हजार जादा नोटिसा निघाल्या. उलट दिशेने काय घडते ते फिलाडेल्फियातल्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. तिथे पिवळा सुमारे एका सेकंदाने वाढवला, तेव्हा सिग्नलभंग ३६ टक्क्यांनी घटले. त्यानंतर कॅमेरे बसवल्यावर उरलेल्यांतले ९६ टक्के भंग थांबले. आधी दिव्याचे गणित दुरुस्त करायचे आणि मग शिस्त लावायची, हा क्रम त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

मात्र पेचाचा पट्टा चालक स्वतःही तयार करतो. पिवळा ५० साठी बरोबर, म्हणजे ३.३ सेकंदांचा आहे आणि एखादा ७० ने येत आहे. त्याला थांबायला ८२ मीटर हवेत. पिवळ्यात तो ६४ मीटर जाईल. मर्यादा पाळणाऱ्यांसाठी जो पट्टा अस्तित्वातच नव्हता, तो या चालकापुढे १८ मीटरांचा होऊन उभा राहतो. वेगमर्यादा ही सिग्नलच्या गणितातली एक संख्या आहे. ती मोडली की सिग्नलचे सेकंद त्या वाहनापुरते खोटे ठरतात. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि यांतल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंची नोंद अतिवेग या कारणाखाली झाली. चौकातला पिवळा या मोठ्या हिशेबापासून वेगळा नाही.

उतार, पाऊस आणि बस

सूत्रातले आकडे सपाट, कोरड्या रस्त्यावरच्या मोटारीचे आहेत. रस्ता चौकाकडे उतरत असेल तर गुरुत्वाकर्षण गाडीला पुढे ओढते आणि ब्रेकचा काही भाग त्यातच खर्ची पडतो. १०० मीटरला ५ मीटर असा उतार असला, तर ५० च्या वेगाला थांबण्याचे अंतर ४६ वरून ५२ मीटरांवर जाते आणि पिवळा ३.३ ऐवजी जवळजवळ ३.८ सेकंदांचा लागतो. घाट उतरून गावात शिरणाऱ्या रस्त्यावरचा पहिलाच सिग्नल म्हणूनच जपून हाताळावा लागतो.

पावसाचा परिणाम टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणावर होतो. कोरड्या डांबरावर घर्षणांक साधारण ०.७ असतो, ओल्यावर तो ०.४ च्या आसपास उतरतो. दर सेकंदाला सुमारे ३ मीटर प्रतिसेकंदाने वेग उतरवत थांबणे ओल्यावरही जमते, पण आयत्या वेळी कचकन ब्रेक मारण्याला वाव जवळजवळ उरत नाही. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ यांचा थर तयार होतो, तेव्हा तर दुचाकी थोड्या जोराच्या ब्रेकनेही घसरते.

बसची अडचण निराळी. तिच्या ब्रेकमध्ये ताकद असते, पण आत दांडीला धरून उभी असलेली माणसे असतात. त्यांना न पाडता थांबायचे तर वेग दर सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंदाने कमी करणे एवढेच शक्य, असे धरले, तरी ४० च्या वेगाने येणाऱ्या बसला ४२ मीटर लागतात. ३ सेकंदांच्या पिवळ्यात ती ३३ मीटर जाते. म्हणजे मोटारीसाठी पुरेसा असलेला पिवळा बसला ९ मीटर कमी पडतो. भरलेल्या ट्रकची स्थितीही अशीच; शिवाय हवेच्या ब्रेकला पकड घ्यायला थोडा अधिक वेळ लागतो. लाल लागता लागता चौकात शिरलेली बस म्हणजे प्रत्येक वेळी चालकाची अरेरावी असे नव्हे. आणि पिवळ्याला बसच्या पुढ्यात दुचाकी घालून ब्रेक दाबणे किती घातक, तेही यावरून कळते.

वळणाऱ्या गाडीचा प्रश्न

१९६० च्या सूत्रात एक गृहीतक दडलेले होते: जो थांबत नाही, तो त्याच वेगाने सरळ जातो. वळणाऱ्या गाडीला हे लागू पडत नाही. तिला चौकात शिरण्याआधी वेग कमी करावाच लागतो, त्यामुळे तेवढेच अंतर कापायला तिला जास्त वेळ लागतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातले, मूळ स्वीडनचे इलेक्ट्रॉनिक्स अभियंता मॅट्स यार्लस्ट्रॉम यांनी याकडे लक्ष वेधले. २०१३ मध्ये त्यांच्या पत्नीला बीव्हर्टन शहरात सिग्नल कॅमेऱ्याची नोटीस आली आणि त्यांनी गणित नव्याने मांडायला घेतले. त्यांच्या विस्तारित सूत्राप्रमाणे, ६० ने येऊन ३० च्या वेगाने वळणाऱ्या गाडीला सुमारे ५.२ सेकंदांचा पिवळा हवा. जुने सूत्र ३.८ सेकंदच देत होते.

राज्यात अभियंता म्हणून नोंदणी नसताना अभियांत्रिकी मत मांडले, या कारणाने त्यांना ५०० डॉलरचा दंड झाला. त्यांनी संघराज्याच्या न्यायालयात दाद मागितली आणि डिसेंबर २०१८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. मूळ सूत्राच्या तीन जनकांपैकी मॅराड्युडिन यांनीही त्यांना पाठिंबा दिला होता. २०२० मध्ये अमेरिकेतल्या वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत हे विस्तारित सूत्र स्वीकारले. साठ वर्षे वापरात असलेले गणित एका जागरूक नागरिकाच्या आकडेमोडीने दुरुस्त झाले.

धरसोडीचा पट्टा

पिवळ्याची लांबी अगदी बरोबर असली तरी एक अडचण उरते, आणि ती माणसाच्या स्वभावाची आहे. पट्टी अगदी जवळ असली की जवळपास सगळेच जातात. खूप दूर असली की जवळपास सगळेच थांबतात. मधल्या भागात काही थांबतात, काही जातात. हा भाग पट्टीपासून साधारण अडीच ते साडेपाच सेकंदांच्या अंतरावर असतो, असे निरीक्षणांतून आढळले आहे. ५० च्या वेगाला तो ३५ ते ७६ मीटर यांच्या दरम्यान येतो.

या पट्ट्यातून पुढे-मागे दोन गाड्या येत असतील आणि पुढच्याने थांबायचे, मागच्याने जायचे ठरवले, तर मागून धडक बसते. दोघांनी उशिरा जायचे ठरवले आणि आडव्या रस्त्यावरून कोणी लवकर निघाले, तर काटकोनातली धडक होते. ही दुसरी धडक अधिक जीवघेणी. समोरच्या बाजूला बॉनेटचा लांब भाग दबून आघात सोसतो; दाराच्या बाजूला माणूस आणि येणारे वाहन यांच्या मध्ये पत्र्याचे काही सेंटिमीटरच असतात. दुचाकीस्वाराला तेवढेही संरक्षण नसते. अमेरिकेतल्या सात ठिकाणच्या कॅमेऱ्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हे दोन्ही परिणाम एकत्र दिसले: काटकोनातल्या धडका सुमारे २५ टक्क्यांनी घटल्या आणि मागून बसणाऱ्या धडका सुमारे १५ टक्क्यांनी वाढल्या. दंडाच्या भीतीने कचकन थांबणारे वाढले, पण त्यांच्या मागच्याने अंतर ठेवलेले नव्हते.

सेकंद दाखवणारे टायमर आता अनेक चौकांत दिसतात. लाल दिव्याचा टायमर इंजिन बंद करायला उपयोगी पडतो. हिरव्याचे उरलेले सेकंद दूरवरून दिसतात तेव्हा सावध चालक आधीच वेग उतरवतो. घाईतला चालक मात्र शेवटच्या तीन सेकंदांकडे बघून वेग वाढवतो. आकडा तोच असतो, पण पहिला त्याचा उपयोग थांबण्यासाठी करतो आणि दुसरा शर्यतीसाठी. वेग वाढवणाऱ्याचे थांबण्याचे अंतरही त्याच क्षणी वाढते. ४० वरून ६० वर गेलेल्या गाडीला ३२ ऐवजी ६३ मीटर लागतात आणि तिच्यातली आघाताची ऊर्जा सव्वादोन पट होते.

चौक मोकळा होण्याचा वेळ

पिवळ्याच्या शेवटच्या क्षणी पट्टी ओलांडलेली गाडी नियमात असते, पण चौकाबाहेर नसते. २० मीटर रुंदीचा चौक आणि ५ मीटर लांबीची मोटार धरली, तर ५० च्या वेगाने तिला पूर्ण बाहेर पडायला १.८ सेकंद लागतात. म्हणून पिवळ्यानंतर सर्व बाजूंना काही क्षण लाल ठेवतात. सावकाश चालणाऱ्या वाहनांसाठी हा वेळ आणखी हवा.

हे गणित सगळे जण पट्टीच्या मागे उभे आहेत, असे धरून केलेले असते. प्रत्यक्षात दुचाकी झेब्रा क्रॉसिंग ओलांडून, पट्टीपासून चार मीटर पुढे येऊन उभ्या राहतात. टायमरवर दोनचा आकडा दिसताच क्लच सुटतो. साध्या वेगवाढीनेही स्कूटर दोन सेकंदांत आणखी चार मीटर पुढे जाते. त्यांचा सिग्नल सुटतो तेव्हा ती पट्टीपासून आठ मीटर आत, चौकाच्या पोटात असते. तिथेच त्या क्षणी लाल लागल्यानंतर शिरलेली मोटार पोचलेली असते. दोघांपैकी प्रत्येकाने एक-दोन सेकंद उचलले की अभियंत्याने राखलेले सगळे सेकंद संपतात.

चौकाकडे येताना

या सर्व गणितातून चालकाच्या हाती लागणारी कृती थोडी आणि सोपी आहे. दूरवरून हिरवा दिसत असेल आणि तो केव्हा लागला हे माहीत नसेल, तर तो आता पिवळा होणार असेच धरावे. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय काढून ब्रेकवर नुसता टेकवून ठेवला, तरी प्रतिक्रियेतला काही वेळ वाचतो. मागे किती जवळ कोण आहे हे आरशात आधीच पाहून ठेवावे. पिवळा लागल्यावर त्यासाठी सवड नसते.

थांबायचे की जायचे याचा निर्णय आधी ठरवून ठेवलेल्या खुणेवर सोपवावा. रस्त्याकडेचा एखादा खांब पार केल्यापासून पट्टीपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ असे सावकाश मोजून एकदा पाहिले की आपल्या रोजच्या रस्त्यावरची तीन सेकंदांची जागा कळते. त्या खुणेच्या अलीकडे पिवळा लागला तर थांबावे. पलीकडे लागला तर वेग न वाढवता सरळ निघून जावे. शहरातल्या ४० पर्यंतच्या वेगाला ही मोजणी चपखल बसते. पाऊस, उतार, मागे बसलेला सहप्रवासी किंवा गाडीतला भार असेल तर वेगच उतरवावा, म्हणजे तीच खूण पुन्हा लागू पडते. मागे अवजड वाहन चिकटून येत असेल तर ब्रेक लवकर आणि हळू दाबावा, जेणेकरून मागचा लाल दिवा त्याला वेळेवर दिसेल.

एकदा निर्णय झाला की तो बदलू नये. थांबता थांबता पुन्हा वेग घेणारी गाडी सर्वांत धोकादायक, कारण तिचा अंदाज कोणालाच येत नाही. चौकापलीकडे जागा नसेल तर हिरवा असूनही पट्टीवरच थांबावे. मध्ये अडकलेले वाहन आडव्या रस्त्याचाही हिरवा वाया घालवते. सिग्नल सुटल्यावर एक क्षण थांबून आधी उजवीकडे आणि मग डावीकडे पाहून निघावे, कारण डाव्या बाजूने वाहने चालणाऱ्या देशात पहिले वाहन उजवीकडून आडवे येते. रात्री सिग्नल बंद करून पिवळा लुकलुकत ठेवलेला असतो, तेव्हा वेग कमी करून, दोन्ही बाजू पाहून पुढे जायचे असते. लाल लुकलुकत असेल तर पूर्ण थांबून मगच.

कायद्याने यातली शेवटची रेषा आखून दिली आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल सिग्नल तोडणे हे धोकादायक वाहनचालनात मोडते आणि पहिल्या गुन्ह्यालाही १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. पण कायदा लागू होतो तो लाल लागल्यानंतर. त्याआधीचे तीन-चार सेकंद चालकाच्या हातात असतात. त्याच वेळी समोर झेब्रावर पाय टाकायला कोणी उभे असते. १४ मीटर रुंद रस्ता साध्या चालीने ओलांडायला पादचाऱ्याला सुमारे १२ सेकंद लागतात, वृद्धाला त्याहून जास्त. पिवळा लागताच थांबलेले प्रत्येक वाहन त्या माणसाला त्याचे पहिले पाऊल वेळेवर टाकू देते.